मागचं-पुढचं इचारा

माझ्या आत्याला वचनपाठांतराच्या स्पर्धेत, भरल्या मांडवात, खाली बसवले गेले. तिला जाऊन आता बरीच वर्षे झाली. ज्यांनी बसवले तेही राहिले नाहीत. आत्याने तर त्याच संध्याकाळी तो विषय संपवला होता. मला अजून संपवता आलेला नाही.

आम्ही नगर जिल्ह्यातले, शेवगावकडचे. पणजोबांच्या वेळी दुष्काळ पडला, मिशनचे मास्तर वस्तीवर आले, शाळा निघाली, घर ख्रिस्ती झाले. त्या भागात ही हकीकत घरोघरी ऐकायला मिळते, म्हणून लांबवत नाही. वडील त्या शाळेत शिकून पुढे शिक्षक झाले. त्यांची थोरली बहीण मात्र शाळेत गेलीच नाही, कारण धाकटी भावंडे सांभाळायला कोणीतरी घरी लागत होते. आत्याला अक्षर ओळखू येत नसे. कागदावर ती अंगठा उठवायची.

वस्तीवर दिवेलागणीला एक बायबलबाई यायच्या. त्या एक ओळ म्हणायच्या, बायका मागून म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी खुरपताना आत्या तीच ओळ तोंडात घोळवायची. नवे घेण्याआधी जुने सगळे म्हणून दाखवायचे, असा बाईंचा दंडक होता. असे करत करत तिला डोंगरावरचे प्रवचन, म्हणजे मत्तयाचे 5 ते 7 हे तीन अध्याय, सबंध येऊ लागले. स्तोत्रे तर कितीतरी यायची. आणि 119 वे स्तोत्र, ज्याला ती नुसते 'मोठं स्तोत्र' म्हणायची, तेही पहिल्यापासून शेवटपर्यंत यायचे.

हे स्तोत्र ज्यांनी पाठ करून पाहिले असेल त्यांना मी काय म्हणते ते कळेल. त्यात 176 वचने आहेत. सबंध पवित्र शास्त्रात एवढा लांब अध्याय दुसरा नाही. मूळ हिब्रूत त्याची 22 कडवी आहेत, हिब्रू वर्णमालेतल्या एकेका अक्षराचे एक, आणि कडव्यातली आठही वचने त्याच अक्षराने सुरू होतात. पाठ करणाऱ्याला तेवढा तरी हात धरायला असतो. मराठीत तो नाही. शिवाय विषय एकच, देवाचे नियमशास्त्र. आज्ञा, विधी, निर्बंध, वचन हेच शब्द फिरून फिरून येतात आणि या वचनावरून माणूस कधी त्या वचनावर घसरतो ते कळतही नाही. माझी नर्सिंगची परीक्षा झाली, औषधांची नावे तोंडपाठ झाली, पण हे स्तोत्र मला सलग म्हणता आलेले नाही. आत्या कुठेही अडखळत नसे.

आमच्या भागातल्या मंडळ्यांचा मेळावा उन्हाळ्यात भरायचा. मांडव, सतरंज्या, रात्री कीर्तन, दिवसा शास्त्रपाठ आणि स्पर्धा. त्या वर्षी प्रौढांसाठी पाठांतराची स्पर्धा ठेवली होती. मी सुट्टीवर आले होते, मीच आत्याचे नाव दिले. बाहेरून आलेले एक शिकलेले गृहस्थ परीक्षक होते. समोर उघडलेले शास्त्र, बाजूला पेन, गुणांचा कागद. आत्याचा नंबर आला तशी ती पुढे गेली, डोळे मिटले आणि मोठे स्तोत्र सुरू केले. पहिले कडवे झाले, दुसरे लागले. तेवढ्यात परीक्षकांनी पेन टेबलावर वाजवले.

"संदर्भ?"

आत्याला ते कळले नाही.

"अध्याय कितवा, वचन कितवे, ते आधी सांगायचे असते बाई."

"मोठ्या स्तोत्रातलं हाय, सायब."

"आकडा सांगा."

"आकडा मला येत नाय. पर मागचं-पुढचं इचारा, सांगते."

परीक्षकांनी मानही वर केली नाही. "नियम सगळ्यांना सारखा आहे. बसा."

मागच्या बाजूला कोणीतरी हसले. आत्याने डोक्यावरचा पदर सारखा केला, परीक्षकांना सलाम केला आणि येऊन माझ्याशेजारी बसली. बक्षीस शहरातल्या एका तरुणाला मिळाले. त्याने चांगले म्हटले, आकडे चटाचट सांगितले. त्याच्यावर माझा काही राग नाही.

राग आहे तो 'नियम सगळ्यांना सारखा' या वाक्यावर. ज्याला वाचता येते आणि जिला वाचूच दिले नाही, त्या दोघांना एकच नियम लावला की तो सारखा झाला, असे कसे म्हणायचे? आकडा पुस्तकात असतो. पुस्तक ज्याच्या हातात नाही, त्याच्यापाशी आकडा येणार कुठून? आणि आत्याने मागचं-पुढचं विचारा असे जे म्हटले, ती परीक्षकांच्या परीक्षेहून कितीतरी अवघड परीक्षा तिने स्वतःहून मागून घेतली होती. सुटी सुटी वचने पाठ केलेल्या कोणालाही विचारून पाहा, याच्या आधीचे वचन कोणते. शंभरातले बहुतेक गप्प होतील. ती सांगायला तयार होती. कोणी विचारले नाही.

पुढे मी या आकड्यांच्या मागेच लागले. शास्त्रात आज दिसतात ते अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला पाडले गेले. ते काम स्टीफन लँग्टनचे मानतात, जो पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला. नव्या करारातल्या वचनांना आकडे घातले ते रोबेर एस्तिएन या मुद्रकाने, 1551 साली. जुन्या करारात वचनांचे विभाग यहुदी शास्त्र्यांनी फार पूर्वीपासून राखले होते, पण त्यांचेही आकडे नंतरचेच. प्रेषितांची कृत्ये 13 मध्ये पौल एका वचनाला दुसऱ्या स्तोत्रातले म्हणतो, हे खरे. स्तोत्रे मोजलेली होती. पण वचनाचा आकडा कोणीच सांगत नाही, सांगणारच कसा? इब्री लोकांस पत्राचा लेखक दुसऱ्या अध्यायात आठव्या स्तोत्रातली वचने घेतो, तेव्हा कोणीतरी कुठेतरी साक्ष दिली आहे अशा अर्थाचे मोघम बोलून पुढे जातो. चौथ्या अध्यायात पुन्हा तसेच. आमच्या मांडवात त्यालाही खाली बसावे लागले असते.

परतताना एसटीत मी धुमसत होते. बक्षीस म्हणून नवे कोरे पवित्र शास्त्र होते. आत्या म्हणाली, "मला काय करायचं व्हतं गं पुस्तक? त्या पोराच्या कामी यील." आणि खिडकीबाहेर बघत कोणाच्या रानात गवत किती माजलेय ते सांगू लागली. तिला खरेच वाईट वाटले नसावे. मला त्याचेच अजून नवल वाटते.

वचने तिच्या कुठल्या कामी यायची, हे सांगायला हवे. ती खुरपणीच्या टोळीची मुकादमीण होती. बायका गोळा करायच्या, रान घ्यायचे, मालकाकडून पैसे आणून वाटायचे. अनुवाद 24 मध्ये मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी अशी आज्ञा आहे, कारण तो गरीब असतो आणि त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो. लेवीय 19 मध्ये तेच आहे. याकोबाच्या पत्रात तर अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणे सेनाधीश प्रभूच्या कानी पोहोचते. आत्याने हे कोणाला म्हणून दाखवल्याचे मला आठवत नाही. ती फक्त दिवस बुडायच्या आत मालकाच्या ओट्यावर जाऊन बसायची. "बाजाराच्या दिवशी देतो" म्हटले की "बसते" म्हणायची. आमच्याच मंडळीतले एक वजनदार गृहस्थ होते, उपासनेत पुढे उभे राहून लांबलचक प्रार्थना करणारे. त्यांच्या ओट्यावर ती अशीच दिवे लागेपर्यंत बसली. पैसे मिळाले तेव्हा अंधार पडला होता, पण बायकांचे चुकते करूनच ती तिथे गेली होती, स्वतःच्या गाठीचे मोडून.

कलस्सैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल प्रार्थना करतो, की तुम्ही प्रभूला शोभेल आणि सर्व बाबतींत त्याला आवडेल असे वागावे. लहानपणी हे वचन मला धाक घालायचे. सर्व बाबतींत! मग आत्याकडे बघून वाटायचे, जमते की. मजुरी वेळेवर देता येते. ओट्यावर बसता येते.

पण तिचेच दुसरेही सांगते, नाहीतर हे लिहिणे खोटे ठरेल. आजीच्या पाटल्यांवरून आत्याचे आणि माझ्या आईचे बिनसले आणि दोघींचे बोलणे बंद झाले, ते कायमचे. एकाच सतरंजीवर बसून दोघी प्रभुभोजन घ्यायच्या. वेदीपाशी अर्पण तसेच ठेवून आधी भावाशी समेट कर, ही आज्ञा डोंगरावरच्या प्रवचनातच आहे, मत्तय 5 मध्ये. आत्या ते प्रवचन म्हणायची तेव्हा त्या जागी तिचा आवाज जराही अडत नसे. इफिसकरांस पत्रात राग सूर्य मावळेपर्यंत राहू देऊ नये, असे आहे. तेही तिला येत होते. मजुरीचा सूर्यास्त तिने आयुष्यभर पाळला, रागाचा पाळला नाही. दोन्ही वचने एकाच बाईंनी, एकाच वस्तीवर, त्याच पद्धतीने शिकवलेली.

आई शेवटच्या दुखण्याला खिळली तेव्हा आत्या गाव सोडून आमच्याकडे येऊन राहिली. आईचे अंग पुसणे, चादरी बदलणे, रात्रीचे जागणे, सगळे तिने केले. मी नर्स असून मला हात लावू द्यायची नाही. पण आईशी बोलायची नाही. "तिला इचार, पानी पायजे का," असे आई समोर असताना मला सांगायची. मत्तय 21 मध्ये दोन मुलांचा दाखला आहे, बापाला नाही म्हणून नंतर मळ्यात कामाला गेलेल्याचा आणि हो म्हणून न गेलेल्याचा. नाही म्हणून गेलेल्याने बापाची इच्छा पुरी केली. आत्या त्यातली, असे मी पुष्कळ दिवस धरून चालले. आता तसे म्हणवत नाही. आई तिच्या तोंडच्या एका शब्दाची वाट पाहत होती, हे मी खोलीत उभी राहून पाहिले आहे.

तेव्हा पाठांतराने माणूस देवाला आवडता होतो, असे मला म्हणायचे नाही. इब्री 11 मध्ये विश्वासावाचून देवाला संतोषवणे अशक्य असल्याचे सांगितले आहे आणि त्याच्या अलीकडे उदाहरण हनोखाचे आहे. उत्पत्तीत हनोखाच्या करणीची यादी नाही. तो देवाबरोबर चालला, एवढेच आहे. त्याला किती वचने येत होती हा प्रश्नच नाही, तेव्हा शास्त्र लिहिलेलेही नव्हते. तरीही पाठांतर सोडा असे मी कोणालाही सांगणार नाही. ओट्यावर बसायला निघण्याच्या घडीला आत्याने पुस्तक उघडले नसते. उघडताच येत नव्हते. जे होते ते आतच होते. हल्ली पहाटे फोनवर फुलांच्या चित्रावर छापलेले वचन येते, आपण ते दहा जणांना पाठवतो आणि दुपारी कोणी विचारले तर आठवत नाही. मीही पाठवते, पाठवू नये असे नाही. पण दिवसभर काम करताना तोंडात घोळवलेल्या एका ओळीची सर त्याला नाही.

आणि आकड्यांविषयी. रविवारच्या शाळेत मी मुलांना शिकवते, आणि त्यांना संदर्भ विचारतेच. मत्तय 4 मध्ये सैतानही पाठ म्हणून दाखवतो, हे विसरून चालत नाही. मंदिराच्या शिखरावर तो येशूला 91 वे स्तोत्र ऐकवतो. ते स्तोत्र काढून बघा, तुझ्या सर्व मार्गांत देव तुला राखील या अर्थाचे त्यातले शब्द त्याने गाळले आहेत. गाळलेले सापडते ते मूळ जागा उघडून बघितली तर, आणि जागा सापडायला आकडा लागतो. येशू तिन्ही वेळा अनुवादातली वचने सांगून त्याला परतवतो. म्हणून ज्याला वाचता येते त्याने आकडाही शिकावा. त्या परीक्षकांचा नियम वाचणाऱ्यांसाठी योग्यच होता, हे मी आज मान्य करते. आत्याला तो लावायला नको होता, हे मी आजही म्हणते.

पाठ करणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की सुटी वचने वेचू नका, सलग उतारा घ्या. मोठ्याने म्हणा. नवे घेण्याआधी जुने म्हणा. सोपे आणि गोड तेवढे निवडू नका. मजुरीचे, समेटाचे, जिभेचे, उसने परत करण्याचेही घ्या. आणि जे वचन म्हणताना आवाज अडायला हवा आणि अडत नाही, तिथे थांबा.

स्पर्धा घेणाऱ्या मंडळ्यांना विनंती आहे. खेड्यापाड्यांत वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्या बाया आजही आहेत आणि त्यांच्या तोंडी अध्यायच्या अध्याय आहेत. त्यांच्यासाठी वेगळा गट ठेवा, आकडा विचारू नका. मागचे वचन विचारा, पुढचे विचारा. आणि त्या म्हणत असताना मान वर करून त्यांच्याकडे बघा.