बेलापूरचे अंगण

डोळखांबला आमच्या घरापुढे सारवलेले अंगण आहे. अंगणाला लागून ओटी आणि ओटीवर सागाचे एक जुने बाकडे. पूर्वेला आजोबाचा डोंगर आणि त्याच्या मागे सह्याद्रीची सलग भिंत. लावणी आटोपली की दुपारी घरातली वडीलधारी माणसे ओटीवर बसतात. वाटेने जाणारा माणूस शेजारचा असो की डेहण्याकडचा, "काय, जेवलात का?" विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही. आम्हांला त्याचे कधी अप्रूप वाटले नाही. ते कळले आई शहरात राहायला गेल्यावर.

आपल्या शहापूर तालुक्यातले तानसा-भातसाचे पाणी मुंबईकडे जाते, तशी माणसेही जातात. माझ्या धाकट्या भावाने कल्याणच्या बाजूला अकराव्या मजल्यावर घर घेतले. वडील वारल्यावर तो आईला हौसेने घेऊन गेला. सून गुणाची, नातवंडे प्रेमळ, पाणी नळाला चोवीस तास. उणे असे काही नव्हते. तरी तीन महिन्यांत आई बोलेनाशी झाली. रात्र-रात्र जागी असायची, पुढ्यातले ताट तसेच राहायचे. सकाळी आठला सगळे घर रिकामे होई ते संध्याकाळी भरे. खिडकी उघडली तर समोर दुसऱ्या इमारतीची भिंत.

डॉक्टरांनी रक्त तपासले. त्यात दोष निघाला नाही. मग त्यांनी विचारले, "आजी, दिवसभरात किती माणसांशी बोलता?"

आई म्हणाली, "टीव्ही बोलतो, मी ऐकते."

डॉक्टरांनी उदासीनतेच्या गोळ्या दिल्या आणि भावाला बजावले, "गोळ्या चुकवू नका, पण यांना माणसांतही बसवा."

अशातच आईच्या भाचीकडे बेलापूरला बारसे निघाले. मी डोळखांबहून एस.टी.ने शहापूर गाठले, आसनगावला लोकल धरली, कल्याणला आईला घेतले. ठाण्याला उतरून पनवेलची गाडी पकडली. आई खिडकीशी गप्प बसून होती.

भाचीचे घर बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी. नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. तिच्यासाठी वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० नंतरच्या काही वर्षांत ही वसाहत आखली. मी आत शिरलो आणि थबकलोच. शहरात आलो की एखाद्या वाडीत, हे कळेना! बैठी नाहीतर एकमजली घरे, अधूनमधून झाडे, मध्ये एक ओहोळ, आणि घरांच्या घोळक्यामध्ये मोकळे अंगण.

त्या अंगणाचे गणित भाचीच्या यजमानांनी समजावून सांगितले. सात घरे मिळून एक अंगण, साधारण आठ मीटर लांब आणि तेवढेच रुंद. असे तीन घोळके, म्हणजे एकवीस घरे, बारा मीटरच्या आणखी मोठ्या चौकाभोवती. असे चौक जोडत जोडत सगळी वस्ती झालेली. शिवाय कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही. त्यामुळे कुटुंब वाढले की शेजाऱ्याला धक्का न लावता घर वाढवता यावे, आणि तेही गावातल्या गवंड्याकडून, अशी योजना.

पहिला आकडा सातच का, याचा मी पुष्कळ विचार केला. दोनशे बिऱ्हाडांच्या इमारतीत लिफ्टमध्ये भेटणारा माणूस रोज नवा. त्याच्याशी काय बोलणार? सात घरांत मात्र कोणाचे मूल कोणते, कोणाकडे आजारपण आहे, हे न विचारता कळते. स्वयंपाकघरातून अंगण दिसते म्हणून आई निर्धास्त आणि मूल मोकळे. माणसाला एकदम गर्दीत जायचे दडपण येते. उंबरा, मग पायरी, मग अंगण, मग चौक, असे टप्पे असले की तो आपोआप माणसांत येतो.

हे मी डोळ्यांनी पाहिले. दुपारी आई पायरीवर बसली होती. समोरच्या बाई सूप घेऊन तांदूळ निवडायला बाहेर आल्या. "मावशी, कुठल्या तुम्ही?" एवढेच त्यांनी विचारले. आईने हात पुढे करून सुपातला तांदूळ पाहिला आणि म्हणाली, "हा आमच्याकडचा नव्हे." तिथून जी बोलायला लागली ती दिवे लागेपर्यंत. त्या रात्री तिला झोप लागली.

एका मुक्कामाने आजार जात नाही, हे खरे. पण जागेचा मनावर परिणाम होतो, हा काही माझा भाबडेपणा नव्हे. अमेरिकेत रॉजर उलरिक या संशोधकाने पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, ज्यांच्यापुढे विटांची भिंत होती त्यांच्यापेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक जोरकस औषधेही कमी लागली. हे त्याने १९८४ मध्ये प्रसिद्ध केले. सकाळचे ऊन अंगावर घेतले की रात्रीची झोप वेळेवर येते, हेही आता डॉक्टर सांगतात.

मुंबईच्या बीडीडी चाळींत एकेका बिऱ्हाडाला १६० चौरस फुटांची खोली होती. अडचण फार, शौचालय सामाईक. तिथल्या माणसांना आता मोठी घरे मिळू लागली आहेत आणि ते न्यायाचेच आहे. अडचणीचे कौतुक करू नये. पण चाळीच्या सामाईक वाटेवर जे बोलणे-बसणे होई, त्याला नव्या उंच इमारतीत जागा ठेवायला हवी. आर्टिस्ट व्हिलेजमध्येही पुष्कळ जुनी घरे पाडून मोठी बांधली गेली आहेत. तरी अंगणे राहिली आहेत, तोवर वस्तीचा जीव शाबूत आहे.

परत आल्यावर भावाने सोसायटीच्या सभेत एकच मागणी केली. जिन्याजवळ, गाड्या उभ्या राहतात त्यातली एक जागा मोकळी करून झाडाखाली दोन बाकडी टाका. वाद झाला, पण बाकडी आली. आता आई सकाळच्या उन्हात तिथे बसते आणि तिला चार मैत्रिणी आहेत. गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी केल्या. पावसाळ्यात मात्र ती हट्टाने डोळखांबला येते.

मंडळी, आता आपल्याकडे पाहा. समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून गेला, आसनगावच्या बाजूला इमारती उठल्या आणि गावातही स्लॅबची घरे होत आहेत. स्लॅब जरूर घाला. पण ओटी काढून तिथे शटर बसवू नका आणि अंगणाभोवती डोक्याएवढी भिंत घालू नका. शहरांना जे पुन्हा नव्याने आखावे लागते आहे, ते आपल्या दारात आयते आहे.

आणि गाव असो की शहर, घरातले माणूस गप्प झाले, झोप-जेवण तुटले, तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलि-मानस ही सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येते.

यंदा ओटीची डागडुजी काढली आहे. ते बाकडे मोडकळीला आले होते. मी म्हटले, नवे करू. आई म्हणाली, "कर, पण थोडं लांब कर. चार माणसं बसली पाहिजेत."