सोबतीला भात

न्यू ऑर्लिन्सच्या परिसरात तळलेल्या चिकनच्या दुकानात गेलं, की काउंटरपलीकडचा माणूस आधी किती तुकडे हवेत ते विचारतो आणि मग विचारतो, सोबत काय देऊ? वरच्या पाटीवर फ्राइज असतात, कुस्करलेला बटाटा असतो, कोबीची कोशिंबीर असते. आणि त्याच रांगेत भात असतो, लाल राजम्याच्या दाट रसात अर्धा बुडालेला. तिथले लोक त्याला रेड बीन्स अँड राइस म्हणतात. मी तोच मागते. कोकणात वाढलेल्या बाईला परमुलखात भात दिसल्याचा आनंद, एवढंच त्याचं कारण असतं तर त्यावर लिहायची गरज नव्हती. गाडीच्या खिडकीतून हातात पडणाऱ्या घाईच्या कागदी पिशवीत भात टिकून राहिला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कारण त्या पिशवीत त्याला जागा मिळू नये अशीच सगळी मांडणी होती.

ही मांडणी कुठे झाली ते सांगता येतं. १९४८ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावात मॅकडोनाल्ड बंधूंनी आपलं चांगलं चाललेलं हॉटेल काही काळ बंद ठेवून नव्या पद्धतीनं उघडलं. बश्या गेल्या, काटे-चमचे गेले, गाडीपाशी खाणं आणून देणाऱ्या मुली गेल्या. पदार्थ मोजकेच उरले, आणि उरले ते सगळे हातात धरून खाण्याजोगे. बर्गरसोबत आधी बटाट्याचे वेफर्स मिळत. १९४९ मध्ये त्यांच्या जागी फ्राइज आल्या. भांडी घासायला नकोत, काचेच्या बश्या फुटायची भीती नको, गिऱ्हाईक एका हातानं गाडी चालवत दुसऱ्या हातानं खाऊ शकेल. ही सोय खरीच मोठी होती आणि तिनं साध्या कुटुंबांना परवडणारं खाणं दिलं, हेही खरं. पण ज्या दिवशी चमचा गेला, त्या दिवशी भाताचा रस्ता बंद झाला. रसाचा भात चमच्यानं खावा नाहीतर हातानं, आणि हातानं खायचा तर निवांत बसून. चालत्या गाडीत तो जमत नाही.

मग बटाट्याचा कारखाना उभा राहिला. आयडाहोच्या जे. आर. सिम्प्लॉट यांच्या कंपनीत बटाटा सोलून, कापून, अर्धवट तळून गोठवायची रीत बसली आणि १९६०च्या दशकात मॅकडोनाल्डच्या दुकानांत ताज्या बटाट्याऐवजी गोठवलेल्या फ्राइज जाऊ लागल्या. त्यासाठी रसेट बरबँक जातीचा लांबट, पिठूळ, कमी पाण्याचा बटाटा सोयीचा ठरला. आज जगात कुठेही ती काडी साधारण त्याच लांबीची, त्याच रंगाची आणि त्याच चवीची मिळते. ती कोणत्या मातीतली, हे खाणाऱ्याला कळत नाही. कळू नये यासाठीच तर एवढी मेहनत घेतलेली असते.

बटाट्याशी माझं वैर नाही. आंबेगावातल्या सातगाव पठारावरचा, पावसाच्या पाण्यावर वाढलेला बटाटा मी प्रेमानं खाते, आणि उपासाच्या दिवशी जिरं-मिरची घातलेली बटाट्याची भाजी नसेल तर उपास केल्यासारखंच वाटत नाही. माझं म्हणणं फ्राइजपुरतं आहे. कढईतून निघाल्यावर थोडीच मिनिटं ती कुरकुरीत असते. मग आतली वाफ बाहेरच्या कवचाला मऊ पाडते आणि ती मरगळते. तिला ना आधी काही असतं, ना नंतर. राजमा-भाताच्या त्या लहानशा डब्यामागे मात्र अख्खा सोमवार असतो.

न्यू ऑर्लिन्समध्ये सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस. यंत्रं नव्हती तेव्हा त्यात बाईचा पूर्ण दिवस जाई, चुलीपाशी उभं राहायला वेळ नसे. म्हणून रात्री भिजवलेला राजमा सकाळी मोठ्या पातेल्यात चढायचा, त्यात रविवारच्या जेवणातलं डुकराच्या मांसाचं उरलेलं हाडूक पडायचं, कांदा, सेलरी आणि भोपळी मिरची पडायची, आणि मंद आचेवर ते सगळं दिवसभर शिजत राहायचं. संध्याकाळी थोडे दाणे पळीच्या पाठीनं पातेल्याच्या कडेला चेपून रस दाट करायचा आणि शेवटी भात टाकायचा. आपली आमटी ज्यांना कळते, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्या शहरात अजूनही सोमवारी घरोघरी आणि खाणावळीत हाच बेत असतो. जॅझ संगीतकार लुई आर्मस्ट्राँग याच शहरात, गरिबीत वाढला. पुढे जगभर कीर्ती झाल्यावरही तो पत्राखाली सही करताना आपला, असं लिहिण्याऐवजी राजमा-भाताचं नाव घ्यायचा.

१९७२ मध्ये अ‍ॅल कोपलँड या माणसानं शहराला लागून असलेल्या अराबी या वस्तीत चिकनचं दुकान काढलं. आधी त्यानं सौम्य चवीचं चिकन विकून पाहिलं, ते चाललं नाही. मग त्यानं आपल्या लुइझियाना राज्याचा तिखट मसाला लावला, दुकानाचं नाव बदलून पॉपाइज ठेवलं आणि त्याचं नशीब उघडलं. तिखटाबरोबर पुढे त्या भागाचं बाकी जेवणही पाटीवर आलं: राजमा-भात, आणि दुसरा एक भात, ज्याला तिथे डर्टी राइस म्हणतात. चिकनची कलेजी-पेटा बारीक चिरून कांदा-मिरचीवर परतायची आणि त्यात शिजलेला भात हलवायचा. कलेजीच्या तपकिरी रंगानं पांढरा दाणा मळतो. चांगले तुकडे मालकाच्या ताटात गेल्यावर गरिबाच्या हाती जे उरतं, त्यातून हा पदार्थ झाला. कसायाकडून कलेजी-पेटा वेगळी मागून घेणाऱ्या मुंबईच्या घरांना त्याची गोडी लगेच समजेल. कारखान्यातून आलेल्या काडीशेजारी या दोन भातांना जागा मिळाली, आणि त्यांच्यासोबत पिशवीत चमचाही परत आला. पांढऱ्या प्लास्टिकचा, पातळसा, पण चमचा.

या भातामागे खूप दुःख आहे, आणि ते सांगितल्याशिवाय त्याची चव सांगणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. १७१९ साली आफ्रिकेतून गुलाम घेऊन दोन फ्रेंच जहाजं लुइझियानाला आली. त्यांच्या कप्तानांना हुकूम होता की बियाण्यासाठी भाताची पिंपं आणा आणि भातशेती जाणणारी माणसं आणा. पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलपासून सिएरा लिओनपर्यंतच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या भात पिकत होता. बांध कसा घालायचा, पाणी कधी अडवायचं, कधी सोडायचं, कांडताना दाणा कसा मोडू द्यायचा नाही, हे तिथल्या बायका-पुरुषांच्या हातात होतं. ते हात साखळदंडात बांधून आणले गेले, आणि मिसिसिपीच्या काठी थोड्याच वर्षांत भात उभा राहिला. पुढे १८०९च्या सुमारास, आज हैती म्हणतात त्या मुलखातल्या उठावामुळे आधी क्यूबात गेलेले दहा हजारांच्या आसपास लोक न्यू ऑर्लिन्सला आले. कडधान्य आणि भात एकत्र खायची कॅरिबियन सवय त्यांनी सोबत आणली, असं मानतात. काउंटरवरच्या मुलीनं डब्याचं झाकण लावून पुढे सरकवलं, की हे सगळं माझ्या हातात येतं. फ्राइजच्या कागदी खोक्यातून मला इतकं काही मिळत नाही.

न्यू ऑर्लिन्सहून ह्यूस्टनकडे निघालं की आय-१० महामार्ग लाफायेत ओलांडून क्राउलीच्या भाताच्या मुलखातून जातो. ह्यूस्टनला मराठी माणसं पुष्कळ आहेत आणि सुट्टीत न्यू ऑर्लिन्स बघायला जाताना बरेच जण या रस्त्यानं जातात. त्यांनी खिडकीबाहेर जरूर पाहावं. वर सपाट गवताळ जमीन, खाली पाणी झिरपू न देणारा चिकणमातीचा थर. १८८०च्या दशकात इथे रेल्वे आली, पाठोपाठ उत्तरेकडचे गव्हाचे शेतकरी आपली यंत्रं घेऊन आले आणि त्या यंत्रांनी भात कापू लागले. क्राउलीत १९०९ पासून भाताचं संशोधन केंद्र आहे. मला सर्वांत आवडतं ते कापणीनंतरचं. शेत रिकामं राहत नाही. बांधात बिळं करून राहिलेल्या क्रॉफिशसाठी, म्हणजे गोड्या पाण्यातल्या झिंग्यांसाठी, पुन्हा पाणी भरतात. भाताचं धसकट त्यांचं खाद्य होतं, आणि हिवाळ्यापासून वसंतापर्यंत त्याच खाचरांतून लहान होड्या फिरवत पिंजरे उचलतात. गोव्याच्या खाजन शेतीत हेच आहे: पावसाळ्यात खारं पाणी सोसणारा कोरगुट भात, आणि कापणी झाली की मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घेतलेल्या भरतीच्या पाण्यात सुंगटं आणि मासळी. दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. ओल्या जमिनीनं दोघांनाही तोच धडा दिला.

याच पट्ट्यात माझ्या चमच्याच्या सिद्धांताला छेद देणारी गोष्ट भेटते, आणि मी ती आनंदानं मान्य करते. इथल्या पेट्रोल पंपांवर, लॉटरीची तिकिटं आणि बर्फाच्या पिशव्या विकणाऱ्या काउंटरवर, गरम पेटीत बूदँ ठेवलेलं असतं. शिजलेला भात, डुकराचं मांस, कलेजी, कांद्याची पात, मिरी, हे सगळं आतड्याच्या नळीत भरून उकडलेलं. लोक ते कागदात गुंडाळून घेतात, एक टोक दातानं तोडतात आणि आतला भात दाबून थेट तोंडात घेतात, गाडीत बसल्या बसल्या. स्कॉट नावाचं गाव तर त्याची राजधानी म्हणून मिरवतं. तिथे चमचा लागला नाही, बशी लागली नाही. घाईच्या खाण्यात भात बसवायचं कोडं त्या मुलखानं बाहेरच्या कुणालाही न विचारता आपल्याच बुद्धीनं सोडवलं होतं.

इतरत्रही लोकांनी हट्ट सोडलेला नाही. फिलिपिन्सच्या जॉलिबीत १९८० पासून चिकनजॉय मिळतं आणि त्याच्याबरोबर कागदात गुंडाळलेली भाताची मूद आणि ग्रेव्ही. हवाईच्या मॅकडोनाल्डमध्ये सकाळच्या न्याहारीला अंड्यांसोबत भात देतात. मुंबईत तर हे कुणी शिकवायला नको. गिरणी आणि कचेरीच्या माणसाचं घाईचं जेवण उडप्याच्या हॉटेलात राइस प्लेट नावानंच मिळत आलं. आणि पावभाजीच्या गाडीवर एकाच तव्याच्या दोन बाजूंना दोन्ही पक्ष समोरासमोर असतात: एकीकडे ठेचलेला बटाटा, दुसरीकडे तवा पुलाव. भात आधीच शिजवून गार केलेला, दाणा सुटा; लोणी तेच, मसाला तोच, आणि तव्याला लागलेली भाजीची खरवड उलथन्यानं सोडवून त्यात ओढलेली. बटाट्याची सगळी मेहनत शेवटी भाताच्या अंगी लागते. मी तिथे एक पावभाजी वाटून घेते आणि पुलाव मात्र अख्खा मागवते.

२०२१च्या सुरुवातीला पॉपाइजनं अमेरिकेत तो मळका भात पाटीवरून उतरवला. राजमा-भात राहिला. दुकान चालवणाऱ्याची अडचण मला समजते. भात मऊ राहायला ओल आणि ऊब दोन्ही लागतात. ऊब गेली की त्यातला स्टार्च आकसून दाणा घट्ट होतो, ऊब फार झाली की वरचा थर वाळतो. गोठवलेली काडी मागणी आली की तेलात सोडता येते, भात आधीच अंदाज बांधून शिजवावा लागतो. संध्याकाळी किती माणसं येतील, याचा विचार कुणीतरी दुपारीच केलेला असावा लागतो. मला भातातली हीच गोष्ट प्रिय आहे. लाफायेतच्या बाजूच्या घरांत ओट्यावर वर्षानुवर्षं तांदळाचा विजेचा कुकर असतो, आणि जेवायला किती जण हे विचारल्याशिवाय त्यात पाणी पडत नाही.

आपल्याकडे पुण्यात-नाशकात चिकनच्या नव्या दुकानांत फ्राइज न मागता ताटात येतात. मला त्या जागी सिंधुदुर्गातला उकडा भात हवा आहे, आणि हे मी नुसत्या मायेपोटी म्हणत नाही. साळ टरफलासकट उकडून, वाळवून मग भरडली, की दाण्यातला स्टार्च एकदा शिजून पुन्हा घट्ट बसतो. म्हणून तो भात चिकटत नाही, मोडत नाही, तासभर झाकून ठेवला तरी दाणा उभा राहतो, आणि कोंड्यातली जीवनसत्त्वं उकडताना दाण्यात उतरलेली असतात. अमेरिकेतली मोठी स्वयंपाकघरं याच गुणांसाठी उकडलेला तांदूळ वापरतात. त्यावर घालायला काळ्या वाटाण्याचं सांबार आहे, भाजलेल्या खोबऱ्याचं, दाट, लुइझियानाच्या राजम्याइतकंच सावकाश शिजणारं. कुडाळच्या स्टँडसमोर कुणी तिरफळ-मिरीचं तिखट लावून चिकन तळायचं दुकान काढलं, आणि काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, "ताई, वांगडा काय दिऊ?" तर पाटीवर पहिलं नाव हेच असावं. डबा जरा खोल ठेवा, सांबार भाताच्या वर नाही, बाजूनं सोडा, आणि चमचा लाकडी द्या.