म्हैस काळी नसते

ती गेल्यावर भेटायला आलेल्यांपैकी अनेकजण एकच गोष्ट बोलून गेले. काय हात होता त्यांचा! शाळेत आणि संसारात चित्रकला राहूनच गेली बघा. बोलणाऱ्यांच्या मनात माया होती, म्हणून मी नुसती मान हलवली. पण ते मला पटलेलं नाही. माझ्या बायकोची चित्रकला राहून गेली नाही. ती कुठं आहे, एवढं सांगायला हे लिहितो आहे.

ती चित्रकलेची बाई. ए.टी.डी. करून शाळेला लागली ती निवृत्त होईपर्यंत तिथंच. वर्गाला आठवड्यातून जेमतेम एखाद-दुसरा तास मिळायचा आणि परीक्षा जवळ आली की तोही गणिताला नाहीतर विज्ञानाला जायचा. ती भांडायची. शांतपणे, पण तास परत मिळेपर्यंत भांडायची. पुढं ग्रेड परीक्षांना दहावीचे वाढीव गुण मिळू लागले आणि आजवर चित्रकलेला नाकं मुरडणारे पालक एलिमेंटरी-इंटरमिजिएटची चौकशी करत आमच्या दारात येऊ लागले. तिनं कुणालाही परत पाठवलं नाही. पोरगं गुणांसाठी आलं तरी हरकत नाही, एकदा बघायला शिकलं की गुण विसरेल, असा तिचा विश्वास होता.

त्या परीक्षेतला स्मरणचित्राचा पेपर तिच्या फार जिव्हाळ्याचा. वस्तुचित्राला समोर लोटा नाहीतर बादली असते, स्मरणचित्राला समोर फक्त कोरा कागद. बाजार, बसथांबा, पाणवठा असा विषय येतो आणि मुलं सरसकट पाठ केलेली माणसं काढतात. साच्यातली बाई, डोक्यावर घागर, मागं डोंगर, डोंगरात सूर्य. ती अशा चित्रांवर लाल खूण करत नसे. ती मुलांना उठवून बाहेर न्यायची.

बाहेर म्हणजे बहुतेक वेळा कोल्हापूरच्या रंकाळ्यावर. तेव्हा तळ्याच्या काठाला म्हशी धुवायला आणत. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढून दूध पिणाऱ्या या गावातल्या पोरांना म्हैस काय नवी? पण ही विचारायची, म्हशीचा रंग कोणता? सगळी एका सुरात ओरडायची, काळा! ''बघा परत.'' मग कुणाला ओल्या पाठीवर आभाळाचा निळा दिसायचा, कुणाला पोटाकडं विटकरी, कुणाला कानाच्या कडेला जांभळट छटा. तासाभरानं एखादा हट्टी गडी म्हणायचा, ''बाई, काळा कुठंच न्हाई की वो!'' त्या दिवशी ती घरी यायची तेव्हा चेहऱ्यावरून कळायचं. त्यानंतर तिच्या वर्गात काळ्या रंगाची बाटली कुणी उघडत नसे. सावल्याही मुलं निळ्या-तपकिरी मिसळून करत.

कोल्हापूरला कलापूर म्हणतात आणि नावं घेतली जातात ती मोठीच असतात. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर, चंद्रकांत मांडरे. घ्यावीतच. पण या गावाची चित्रकला एका हातातून दुसऱ्या हातात गेली ती शिकवणाऱ्यांमुळं. १८६७ साली इथं जन्मलेले धुरंधर मुंबईला गेले ते जे. जे.मध्ये वर्षानुवर्षं विद्यार्थी घडवत राहिले. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करता करता दामले, फत्तेलाल, शांताराम तयार झाले. दळवी मास्तरांच्या संस्थेतून तर पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडल्या. आणि या सगळ्यांच्या खाली, कुठल्याही पाटीवर नाव नसलेल्या, शाळाशाळांतल्या चित्रकलेच्या बाई आणि मास्तर. पहिल्यांदा पेन्सिल कशी धरायची हे त्यांनीच दाखवलेलं असतं.

आबालाल तिचं दैवत. दरबारचे चित्रकार असूनही ते फकिरासारखे राहिले आणि कोटीतीर्थ, रंकाळा, संध्यामठ रंगवत बसले. १९२२ साली शाहू महाराज गेल्यावर त्यांनी आपली कितीतरी चित्रं तळ्यात सोडून दिली, असं जुनी माणसं सांगतात. मी एकदा म्हणालो, केवढं नुकसान! ती म्हणाली, ''चित्रं गेली असतील, पण कोटीतीर्थ असं बघायचं असतं हे गावाला कळलं ना.'' त्या वेळी ते वाक्य मी ऐकून सोडून दिलं. आता तेच धरून बसलो आहे.

घरात तिच्यासोबत राहणं म्हणजे जेवायला उशीर होणं. मंडईतून आणलेली वांगी आधी कागदावर उतरायची, मग कढईत. काळी-जांभळी वांगी खिडकीच्या उजेडात मांडलेली, पलीकडं पितळी डबा, आणि मी ताट घेऊन उभा. ''अहो, उजेड अडतोय, जरा सरका.'' मी सरकायचो. लग्न झालं त्या वर्षी तिनं माझे हात काढले होते, पेन्सिलीनं. चेहरा का नाही, असं विचारल्यावर म्हणाली, चेहरा सगळेच बघतात.

जानेवारीअखेर किरणोत्सव आला की आम्ही अंबाबाईच्या देवळात जायचो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, ३१ जानेवारीला देवीच्या पायांपर्यंत, दुसऱ्या दिवशी वर, २ फेब्रुवारीला मुखावर. गर्दीची मान गाभाऱ्याकडं वळलेली असायची. ही मात्र गरुड मंडपाच्या फरशीकडं बघत राहायची. ऊन पुढं सरकतं तसा काळा दगड तांबूस होतो, मग विझत्या निखाऱ्यासारखा, मग राखाडी. देवदर्शन झालं का, असं मी विचारलं की ती मनापासून हो म्हणायची.

२०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा आली तेव्हा शाळांतून पूरग्रस्तांची सोय केली होती. आंबेवाडी-चिखलीकडची माणसं, सोबत लहान मुलं, करायला काही नाही. निवृत्त झालेली असूनही ती पिशवीभर कागद आणि खडू घेऊन तिथं गेली. एका पोरानं सगळा कागद मातकट तपकिरीनं भरला आणि वर, अगदी कडेला, एक आडवी रेघ ओढली. घराचं पाखं. शेजारच्या कुणीतरी सुचवलं की दोन झाडं काढ, होडी काढ. तिनं त्यांना थांबवलं. ''त्यानं बघितलंय ते काढलंय. पूर्ण झालंय चित्र.'' तो कागद तिनं मागून घेतला नाही. त्याचा तो त्याच्याकडंच राहू दिला.

आजारपणात तिच्या बोटांना ब्रश पेलेनासा झाला. त्याबद्दल ती फारसं बोलली नाही. समोरच्या घराची भिंत खाटेवरून दिसायची. संध्याकाळी ती मला विचारायची, भिंतीचा रंग सांगा. मी म्हणायचो, पिवळा. ''बघा परत.'' मग मी बघायचो. हळद. हळदीत किंचित राखाडी. खाली पन्हाळीजवळ हिरवट. ऊन उतरलं की केशरी, आणि त्यानंतर अगदी थोडा वेळ एक गुलाबी, ज्याला मला अजून नाव सुचलेलं नाही. मी आयुष्यभर आकड्यांत काम केलेला माणूस. तिचा शेवटचा विद्यार्थी मीच, आणि तिनं मलाही पास होईपर्यंत सोडलं नाही. राहून गेली म्हणतात ती चित्रकला ही आहे. माझ्या डोळ्यांत आहे. रोज भाजी आणायला निघालो तरी ती सोबत येते, आणि तिच्यामागून रडूही येतं, ते मी लपवत नाही.

आता तिचे विद्यार्थी शाहू स्मारकच्या कलादालनात तिच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं म्हणताहेत. तिची स्वतःची चित्रं मोजकीच निघाली, वांगी, डबे, माझे हात. पण माळ्यावरच्या ट्रंकेत मुलांची स्मरणचित्रं निघाली, एकेक कागद वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला, मागं नाव आणि तुकडी. मी म्हटलं, भिंतीवर हीच लावा, तिची चित्रं एका कोपऱ्यात पुरे. आधी ते कचरले, मग पटलं. सध्या नावांचा शोध चालू आहे. एकजण पापाच्या तिकटीजवळ अजून हातानं पाट्या रंगवतो. एक मुलगी सीपीआरला परिचारिका आहे. एकजण शिरोलीला फाउंड्रीत आहे. त्याला फोन केला तेव्हा पलीकडून मशीनचा आवाज येत होता, त्यातून तो ओरडून विचारत होता, ''माझी म्हैस हाय का त्यात? निळी?'' आहे म्हटलं. मग म्हणाला, उद्घाटन सोमवारी ठेवा, आमच्या कारखान्याला सोमवारी सुट्टी असते, पोरांना घेऊन येतो.