कोणती भाषा घ्यावी? पाटणबोरी ते सेवाग्राम

यवतमाळहून पांढरकवड्याच्या एसटीत बसले, की भाषांचा बाजार भरतो. पुढच्या बाकावर वऱ्हाडी चाललेली असते, मागे बंजारा बायांची गोरमाटी, दाराशी उभे राहिलेले कोलाम म्हातारे आपसात कोलामीत बोलतात आणि कंडक्टरशी मराठीत. जोडमोहा, मोहदा मागे पडते, पांढरकवड्याला गाडी अर्धी रिकामी होते आणि तेथून हैदराबादच्या हमरस्त्याने पुढे गेले की पाटणबोरी. पाटणबोरीच्या पलीकडे पैनगंगा, आणि पैनगंगेपलीकडे आदिलाबाद. २०१४ पर्यंत ते आंध्रात होते, आता तेलंगणात आहे. या गावात किराणा दुकानदारही गिऱ्हाईक पाहून तेलुगू किंवा मराठी बोलतो. त्याला कोणी क्लास लावला नव्हता. कापूस विकायचा, सोयरीक जुळवायची, उधारी वसूल करायची, तर समोरच्याची भाषा यावी लागते, म्हणून ती आली.

पाटणबोरीच्या लग्नाला निघालो तेव्हा आमच्यासोबत भाची होती. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील जिनिंगमध्ये हमाली करतात. खिडकीशी बसून तिने विचारले, "मामा, जर्मन घेऊ का जपानी?" आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. आमच्या वेळी परकी भाषा म्हणजे इंग्रजी, आणि ती शिकायची म्हणजे मॅट्रिकला नापास न होण्यापुरती! तिची आई मात्र पुढच्या बाकावरून लगेच बोलली, "थ्या भाषेनं पोट भरते काय, थे पाय आधी."

आईचा प्रश्न खोटा नाही. एका एजंटाने गावात येऊन सांगून ठेवले होते, की भाषेचा क्लास आणि व्हिसा मिळून पैसे भरा, पोरगी वर्षात परदेशी. तो जो आकडा सांगून गेला, तो भरायचा तर घर गहाण पडले असते. तेव्हा हा प्रश्न हौसेचा राहिला नव्हता.

भाषा कशी निवडावी, याचा धडा बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेत सापडतो. शाळेत त्यांना संस्कृत हवे होते, ते मिळाले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले तेही इंग्रजी आणि फारसी घेऊन. पुढे कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात अर्थशास्त्राचे ढीगभर विषय घेतले, त्यातच फ्रेंचचा एक आणि जर्मनचा एक प्राथमिक अभ्यासक्रम केला. ते जर्मन वाया गेले नाही. १९२१ साली त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते. पाली तर त्यांनी उतारवयात एवढी मनावर घेतली, की तिचे व्याकरण आणि शब्दकोश तयार केला. महाराष्ट्र शासनाने तो १९९८ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात छापला आहे. फारसी नाइलाजाची, जर्मन विद्येची, पाली मनाची. प्रत्येक भाषेमागे कारण होते, आणि ज्या भाषेचे कारण सर्वांत खोल, तिच्यावर सर्वांत जास्त कष्ट पडले.

आता जर्मन आणि जपानी. दोन्ही भाषांना लोक उगाच भितात. जर्मनमध्ये प्रत्येक नामाला लिंग असते, डेअर, डी, दास, आणि इंग्रजीतून शिकणारा तेथेच घाम पुसतो. आपल्याला काय त्याचे? तो, ती, ते आपण पाळण्यापासून बोलतो. हिंदी बोलणाऱ्याजवळ दोनच लिंगे, आपल्याजवळ तिन्ही तयार. मात्र कोणत्या शब्दाला कोणते लिंग, ते जुळेलच असे नाही. जर्मनांचा सूर्य ही 'ती' आहे आणि चंद्र हा 'तो'. मुलीसाठी त्यांचा रोजचा शब्द 'मेटशेन', आणि तो नपुंसकलिंगी! भाची हसली, मग स्वतःच म्हणाली, आपणही 'ते पोर' म्हणतोच की.

जपानीची गंमत याहून मोठी. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते, आपल्यासारखेच. 'वाताशी वा मिझु ओ नोमिमासु', म्हणजे 'मी पाणी पितो', शब्दाला शब्द त्याच जागी. 'पासून' आणि 'पर्यंत' हे आपण नामाच्या मागून लावतो, तेही तसेच लावतात. 'यवतमाळ कारा नागपूर मादे' एवढे म्हटले की यवतमाळपासून नागपूरपर्यंत झाले. आणि त्यांची अक्षरमाला पाहा: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम ओळखीचा वाटतो ना? वाटणारच. बौद्ध भिक्खूंबरोबर भारतातली सिद्धम लिपी आणि वर्णमालेचे शास्त्र चीनमार्गे जपानला गेले, त्यातून हा क्रम बसला. हिरागानाची ४६ मूळ अक्षरे, काताकानाची तेवढीच. घरी वही घेऊन बसले तर महिनाभरात हात बसतो. कांजी ही चित्राक्षरे मात्र खरोखर डोंगर आहेत. नित्य वापराच्या सरकारी यादीत ती २,१३६ आहेत. पण पहिल्या परीक्षेला त्यांतली थोडीच लागतात.

आमचा कल जपानीकडे झुकला, हे लपवीत नाही. भाचीचा तसा झुकेना. तिने उलट विचारले, तुम्हाला जपानी आवडते का नागपूरला जपानी पाहुणे येतात म्हणून? पोरगी हुशार आहे!

परतताना यवतमाळला न थांबता आम्हाला कळंबवरून वर्धा नदी ओलांडून सेवाग्रामला जायचे होते, दवाखान्यात एक पेशंट होता. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांना हा रस्ता पाठ आहे. याच सेवाग्रामात ४ जून १९४७ रोजी धर्मानंद कोसंबी गेले. गोव्यातल्या साखवाळचे हे गृहस्थ, १८७६ चा जन्म, शाळेचे शिक्षण थोडके. बुद्ध समजून घ्यायचा एवढेच कारण घेऊन घराबाहेर पडले. आधी पुण्यात आणि काशीत संस्कृत, मग १९०२ मध्ये सिलोनला, पुढे ब्रह्मदेशात. पालीला स्वतःची अशी एक लिपी नाही. सिलोनात ती सिंहलीत लिहितात, ब्रह्मदेशात बर्मीत, सयामात थाईत. म्हणजे एका भाषेसाठी या माणसाला नव्या लिप्या गिरवाव्या लागल्या. त्या गिरवल्या म्हणून तो हार्वर्डपर्यंत पोचला. तेथे त्याने हात घातलेला 'विसुद्धिमग्ग' १९५० साली हार्वर्डच्या ग्रंथमालेत छापून आला, तोही रोमन लिपीत. तोवर ते हयात नव्हते. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली, ती वेगळीच.

याच वर्ध्याच्या परिसरात आणखी एक उलटी गोष्ट घडली. एमेनो नावाच्या परदेशी भाषाशास्त्रज्ञाने कोलाम लोकांकडून त्यांची बोली टिपून घेतली आणि १९५५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातर्फे कोलामीवर अख्खे पुस्तक काढले. आम्ही जिच्याकडे एसटीत कानाडोळा करतो, ती भाषा कोणीतरी परकी भाषा म्हणून मन लावून शिकला.

व्यवहाराचे सांगायचे तर भाचीने जर्मन घेतली. जर्मनीत नर्सचे प्रमाणपत्र मान्य व्हायला साधारण बी-२ पातळीची जर्मन लागते. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने तिथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगारांबाबत करारही केला. जपानची पहिली पायरी तुलनेने बुटकी आहे. २०१९ पासून त्यांनी रुग्णसेवेसह काही कामांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला, त्याला भाषेची एन-४ पातळी किंवा तिच्या तोडीची परीक्षा आणि रुग्णसेवेची आणखी एक भाषापरीक्षा पुरते. तरी तिने जर्मन घेतली, कारण रोमन लिपी तिला येते आणि रात्रपाळी करून कांजी गिरवायला डोळे उघडे राहणार नाहीत, असे तिचे म्हणणे. यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

एजंटाला मात्र एक रुपयाही दिला नाही. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे ए-१ पासून बी-१ पर्यंतचे धडे मोबाइलवर फुकट मिळतात. जपानीवाल्यांसाठी एनएचकेने हिंदीतून सोपे धडे केलेले आहेत. आधी तीन महिने घरीच, रोज पाऊण तास, मोठ्याने वाचून, असे ठरले. तीन महिन्यांनंतरही वही उघडी राहिली तर पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात परीक्षेची फी भरायची. तेवढे आम्ही दोघे भरू. सध्या घरात भिंतीवर तीन कागद चिकटवले आहेत, 'तो'चा निळा, 'ती'चा तांबडा, 'ते'चा हिरवा. आईने चुलीवरच्या भांड्यांची नावे विचारून घेतली आणि कढईचा शब्द 'डी फाने' निघाल्यावर म्हणाली, "कढई बाईच राहीन, थे सांगाले जर्मन कायले पायजे?"