विसावा माणूस

पेण आणि रोहा इथल्या लहानमोठ्या धंद्यांचं कामगारविषयक काम मी बघतो. माणसं टिकत नाहीत, ही तक्रार सगळीकडे सारखीच. कारणं मात्र धंद्याच्या आकाराप्रमाणे बदलतात.

पेणला नुसतं ‘कारखाना’ म्हटलं तर तो गणपतीचा. इथल्या मूर्तींना 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. साच्यातून मूर्ती काढणं, घासणं ही कामं नव्या पोराला शिकवता येतात. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर सहजी मिळत नाही. मालक त्याला हंगामाआधी उचल देतो. हंगाम संपला, फिटंफाट झाली, की तोच कधी हमरापूर-जोह्याकडे स्वतःची शेड टाकतो. मला यात गैर वाटत नाही. शिकलेला हात मालक व्हायचाच. त्यात प्लास्टरवरच्या बंदीचा वाद वर्षानुवर्षं न्यायालयात. शाडूला वेळ जास्त आणि सरावलेले हातही जास्त, तेव्हा यंदा माणसं किती धरायची हेच मालकाला ठरवता येत नाही.

रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत रसायनांचे कारखाने. तिथे रिअ‍ॅक्टरमध्ये बॅच चालू असताना रिलीव्हर आला नाही, तर आधीच्या पाळीचा ऑपरेटर जागचा हलू शकत नाही. गौरी-गणपतीच्या आठवड्यात तर रजेच्या अर्जांचा ढीग, आणि कोकणात तो अर्ज नाकारायची हिंमत कोणाची? मोठ्या कंपनीकडे यासाठी वेगळा विभाग असतो. पाच-सात माणसांच्या शेडमध्ये मालक स्वतः उभा राहतो. खरी फरपट मधल्यांची, पंधरा ते साठ माणसांवाल्यांची. हजेरी, रजा, भरती, भांडणं सगळं हिशेबनीसाच्या गळ्यात, आणि पगारात डोलवीच्या पोलाद कारखान्यासारख्या मोठ्यांशी बरोबरी होत नाही.

अशा ठिकाणी हजेरीपट हमखास एकोणीसवर थांबलेला दिसतो. दहा माणसांना ईएसआय, विसाला भविष्य निर्वाह निधी; म्हणून विसावा माणूस ठेकेदाराच्या नावावर. ही चतुराई फुकट जाते. निधीच्या मोजणीत ठेकेदाराची माणसंही धरतात, आणि ठेकेदाराने भरणा चुकवला तर वसुली मूळ मालकाकडून होते. एकदा कायदा लागू झाला की पुढे माणसं कमी केली तरी सुटका नाही. खरा तोटा तर याहून मोठा. ठेकेदार माणूस कधीही बदलतो, आणि रिअ‍ॅक्टरचं तापमान अचानक चढू लागलं तर आधी काय बंद करायचं, हे शिकलेला माणूस त्याच्याबरोबर निघून जातो.

विसावा माणूस पटावर घ्या, एवढं सांगून मी मालकाला एक तक्ता करायला लावतो. उभ्या रकान्यात माणसं, आडव्या ओळीत कामं. ज्याला जे काम एकट्याने जमतं तिथे खूण. बहुतेक खुणा एकाच नावापुढे पडल्या, तर मी त्या ऑपरेटरचं निवृत्तीचं वर्ष विचारतो.