दगड झालेली झाडं

ॲरिझोना म्हटलं की आपल्याला ग्रँड कॅन्यनच आठवतं. त्याच राज्याच्या ईशान्येला ‘पेट्रिफाइड फॉरेस्ट नॅशनल पार्क’ आहे, तिकडे आपली मंडळी फारशी वळत नाहीत. मागच्या महिन्यात लेकीबरोबर मी ते पाहून आले.

उत्तरेकडून आत शिरलं की आधी दिसतं ते ‘पेंटेड डेझर्ट’. लाल, गुलाबी, राखाडी पट्ट्यांच्या उघड्याबोडक्या टेकड्या, नजर पोचेल तिथपर्यंत. पुढे ब्लू मेसाच्या टेकड्या निळसर-जांभळ्या. आणि दक्षिणेकडे ते ओंडके! लांबून वाटतं, कुणी आत्ताच करवतीने कापून ठेवलेत. साल, गाठी सगळं जिथल्या तिथे. हात लावावा तर थंडगार दगड.

सुमारे 22 कोटी वर्षांपूर्वी इथे नद्या होत्या. वाहून आलेली झाडं गाळात गाडली गेली, म्हणून कुजली नाहीत. ज्वालामुखीच्या राखेतली सिलिका पाण्यात विरघळून लाकडात झिरपली आणि हळूहळू लाकडाच्या जागी गारगोटी झाली. लाल-पिवळे रंग लोहाचे.

इथला तुकडा उचलून नेणं गुन्हा आहे. तरी लोक नेतात, आणि पुढे कधीतरी टपालाने परत पाठवतात. सोबत माफीची पत्रं. त्यातली काही तिथल्या संग्रहालयात लावली आहेत. दगड घरी आणल्यापासून कुणाच्या मागे आजारपण लागलं, कुणाची नोकरी गेली. आपल्याकडे साडेसाती म्हणतात, तसंच की!

पण मला चटका लागला तो वेगळ्याच गोष्टीचा. परत आलेले दगड पुन्हा त्या रानात ठेवता येत नाहीत. कुठला कुठून उचलला हे ठाऊक नसतं, आणि भलतीकडे ठेवला तर अभ्यासकांची दिशाभूल होते. म्हणून त्यांचा एका बाजूला नुसता ढीग घातला आहे. आपल्याच गावी येऊन बेघर.

परतताना गाडीत लेक म्हणाली, “आई, आता कायमची इथेच राहा ना.” हे गेल्यापासून दरवर्षी म्हणते.

मी म्हटलं, “माझी जागा मला अजून ठाऊक आहे गं. तोवर जाऊ दे.”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “बरं, वर्षातले सहा महिने तरी?”

त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.