तीन किलोंचा कॅमेरा आणि ऑर्लँडो

अमेरिकेला लेकीकडे निघताना आपल्याकडच्या घराघरांत एक लटकता वजनकाटा बाहेर येतो. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि नातवंडांचे कपडे भरून झाले की बॅगा त्या आकड्याला टांगायच्या आणि २३ किलोंच्या वर गेल्या तर पुन्हा उघडायच्या. २०१९ च्या मे महिन्यात ठाण्याच्या आमच्या घरीही हा सोहळा झाला. बॅगा मोजून झाल्यावर मी सहज म्हणून कॅमेऱ्याची पिशवी आकड्याला अडकवली. कॅमेरा, त्याला लावलेली लेन्स, लांबच्या पल्ल्याची दुसरी लेन्स, फ्लॅश, जादा बॅटऱ्या, चार्जर आणि खुद्द ती पिशवी. एकूण २ किलो ९०० ग्रॅम. ‘एवढे ओझे गळ्यात घेऊन हिंडणार?’ असे ही विचारील अशी माझी अपेक्षा होती. ती म्हणाली, “तो घ्यायचाच.” वाद तिथून सुरू झाला, कारण नको म्हणणारा मी होतो.

माझे वय तेव्हा ७१, आणि मानेच्या मणक्यांची झीज बरीच जुनी. हिचे वय ६८. कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे, निदान होऊन तिला पाच वर्षे झाली होती. गोळ्या वेळेवर पोटात गेल्या की तिचे चालणे बरे असते. अडचण येते ती गर्दीत, उंबऱ्यावर, वळताना किंवा कोणी घाई केली तर. पाऊल गोठते. शरीराचा वरचा भाग पुढे निघतो, पाय मात्र जमिनीला खिळलेले राहतात, आणि पडण्याचा धोका असतो तो याच क्षणी. आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला शिकवले होते : ओढायचे नाही, शेजारी उभे राहायचे, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घ्यायला सांगायचे, आणि मग ‘एक, दोन’ मोजत जमिनीवरची एखादी रेघ ओलांडायला लावायची. कंपवाताच्या मंडळींत काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ असा सुंदर शब्द रूढ आहे. या कामासाठी शुभंकर शेजारी असावा लागतो, आणि त्याचा निदान एक हात रिकामा असावा लागतो.

तरीही कॅमेरा निघाला. बँकेतून निवृत्त झाल्यावर ठाण्याच्या खाडीवर रोहित पक्ष्यांच्या मागे मी तो घेऊन हिंडलो होतो. हिच्या आजारपणात ते हिंडणे आपोआप थांबले, आणि ही गोष्ट माझ्यापेक्षा तिला अधिक लागली होती.

लेक अटलांटाला असते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जावयांनी मोटारीने आम्हाला सातशे किलोमीटरांवरच्या ऑर्लँडोला नेले. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड म्हणजे एखादी बाग असेल अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात ते सुमारे चाळीस चौरस मैलांचे संस्थान आहे, आणि त्यात चार स्वतंत्र उद्याने आहेत. त्यांतले सर्वांत जुने मॅजिक किंगडम १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडले. वॉल्ट डिस्ने त्यापूर्वीच, १९६६ च्या डिसेंबरात वारले होते. थोरले बंधू रॉय यांनी आपली निवृत्ती लांबवून काम तडीस नेले, भावाचे पूर्ण नाव त्या जागेला दिले आणि उद्घाटनानंतर तीन महिन्यांच्या आत तेही गेले.

ज्येष्ठांनी इथे एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी : या सहलीत मुख्य काम चालण्याचे आहे. वाहनतळावर गाडी लावली की मॅजिक किंगडम समोर नसते. मध्ये एक मोठे तळे आहे, आणि ते ओलांडायला मोनोरेल किंवा बोट घ्यावी लागते. त्याआधी पिशव्यांची तपासणी होते. त्या वेळी कॅमेऱ्याच्या पिशवीचा एकेक कप्पा उघडून दाखवावा लागला, आणि मागची रांग आमच्याकडे पाहत होती. त्या संध्याकाळी माझ्या फोनने १५,४०० पावले दाखवली. जूनमध्ये तिथे दुपारी पारा ३२-३३ अंशांवर असतो, हवा कोकणासारखी दमट, आणि चारच्या सुमारास बहुधा गडगडाटी पाऊस येतो.

पहिल्या दिवशी हिने चाकांची खुर्ची घ्यायला नकार दिला. “अजून चालते आहे ना मी,” म्हणाली. तिचा उजवा हात माझ्या डाव्या दंडात, माझ्या गळ्यात कॅमेरा, आणि समोर तो प्रसिद्ध रस्ता, मेन स्ट्रीट. त्याच्या टोकाला निळ्या मनोऱ्यांचा सिंड्रेलाचा महाल. महाल १८९ फूट उंच आहे, पण दिसतो त्याहून पुष्कळ उंच. याचे कारण बांधणीत आहे. वरवर जाताना खिडक्या, दगड, मनोरे यांचे माप मुद्दाम लहान करत नेले आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींचे वरचे मजलेही खालच्यांपेक्षा लहान आहेत. डोळा फसतो आणि दूर असलेले उंच वाटते. छायाचित्रकाराला हा मोह आवरणे कठीण. मी दंड सोडवून घेतला, दोन पावले पुढे झालो, मग आणखी दोन. दोन्ही बाजूंच्या इमारती चौकटीत नीट बसेनात.

त्या रस्त्यातून घोड्याच्या ट्रामचे रूळ गेले आहेत. मी वळून पाहिले तेव्हा ही त्या रुळांपाशी थांबली होती. मागून दुपारच्या मिरवणुकीसाठी जागा धरायला निघालेली गर्दी येत होती. तिचे पाय रुळाच्या अलीकडे होते, छाती मात्र पुढे झुकलेली. मी आणि ती यांच्यामध्ये आठ-दहा माणसे. मी ओरडलो, आणि तेच चुकले. घाईने पाऊल आणखी गोठते. एका अनोळखी बाईंनी तिचे कोपर धरले आणि काही न बोलता तशाच उभ्या राहिल्या. मी पोहोचलो, ‘एक, दोन’ मोजले, रूळ ओलांडला. ही पडली नाही, खरचटलेसुद्धा नाही. ते छायाचित्र माझ्याकडे आहे. महाल अगदी सरळ आला आहे.

त्या रात्री हॉटेलच्या खोलीत मी लेकीला सांगितले की उद्यापासून कॅमेरा इथेच राहील, फोन पुरे. लेकीने सुटकेचा श्वास सोडला. ही पलंगावर पाय चोळत बसली होती. ती म्हणाली, “कॅमेरा खोलीत राहिला तर तुम्ही दिवसभर माझ्या पायांकडे बघत राहाल. घरी बघताच. इथे मला ते नको आहे.”

यावर काय बोलावे हे आम्हाला दोघांनाही सुचले नाही. शुभंकराचे सदोदित लक्ष असणे हे आपण गुण म्हणून सांगतो. ज्याच्यावर ते लक्ष असते त्याला ते कसे वाटते, हे मी पाच वर्षांत विचारले नव्हते.

तडजोड अशी निघाली : लांब पल्ल्याची लेन्स, फ्लॅश आणि पिशवी खोलीत. कॅमेरा आणि एकच लहान लेन्स बरोबर. आणि त्या बदल्यात हिने खुर्ची घ्यायची. दुसऱ्या दिवशी एप्कॉट होते, १९८२ साली उघडलेले उद्यान. तिथे एका मोठ्या तळ्याभोवती अकरा देशांची दालने आहेत आणि त्यांना जोडणारी वाट जवळजवळ दोन किलोमीटरांची आहे. हा भाग त्या वेळी सकाळी अकराला उघडत असे, म्हणजे प्रदक्षिणा भर उन्हातच. प्रवेशद्वारापाशी खुर्ची भाड्याने मिळते. ही मुकाट्याने बसली, आणि मी ढकलू लागलो.

आता एक अडचण सांगतो, ती मला आधी कोणी सांगितली नव्हती. खुर्ची ढकलताना आपण किंचित पुढे झुकतो. गळ्यातला कॅमेरा त्या वेळी लंबकासारखा झुलतो आणि बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागे आपटतो. मेक्सिकोच्या दालनापर्यंत हिला दोनदा लागला. शिवाय पुढे लटकणारे वजन मान खाली ओढते, आणि माझ्यासारख्या झिजलेल्या मानेला तेवढे पुरते. दंडापर्यंत मुंग्या येऊ लागल्या. पट्टा एका खांद्यावरून आडवा घेतला की मानेवरचा भार कमी होतो हे खरे, पण मग कॅमेरा कमरेपाशी खुर्चीच्या दांड्यात अडकतो. शेवटी हीच म्हणाली, “द्या इकडे माझ्या मांडीवर.”

कंपवातातला कंप हात नुसता स्वस्थ ठेवला की अधिक दिसतो. हाताला काही काम दिले की पुष्कळांचा तो कमी होतो. पुस्तकात वाचलेले हे त्या दिवशी समोर घडताना पाहिले. पट्टा तिने मनगटाला गुंडाळून घेतला. नॉर्वेच्या लाकडी चर्चपाशी तिने पहिले बटण दाबले. चीन, जर्मनी, इटली असे आम्ही पुढे गेलो. अमेरिकेच्या दालनात थंड सभागृहात अर्धा तास बसून पाहण्याचा कार्यक्रम आहे. दुपारची गोळी, पाणी आणि विसावा यांसाठी ती जागा उत्तम. (त्या गोळीचे आणि प्रथिनयुक्त जेवणाचे फारसे जमत नाही. किती अंतर ठेवायचे ते आपल्या डॉक्टरांकडून प्रवासाआधीच लिहून घ्यावे.) जपानचा पाच मजली पॅगोडा आणि मोरोक्कोची मोझाइकची भिंत, जिच्यासाठी तिथल्या राजाने आपले कारागीर धाडले होते, ही दोन्ही हिने टिपली. आठवीतली नात सारखी विचारत होती की भारत कुठे आहे. भारताचे दालन तिथे नाही.

हिची बहुतेक छायाचित्रे तिरकी आली. खुर्चीतल्या माणसाची नजर इतरांच्या कमरेच्या उंचीवर असते. त्यामुळे त्यांत पाठी, पिशव्या, हात धरलेली मुले आणि फुलझाडे भरपूर आहेत. मी काढलेल्या दोनशे चित्रांत यांपैकी काहीच नव्हते.

कॅमेरा नेणाऱ्यांसाठी थोडे सामान्य ज्ञान. वातानुकूलित खोलीतून बाहेरच्या दमट हवेत आलात की काचेवर बाष्प धरते. कॅमेरा अर्धा तास बंद पिशवीतच राहू द्यावा. अंधाऱ्या राइडमध्ये फ्लॅश चालत नाही, सेल्फी स्टिक २०१५ पासून आत नेता येत नाही, आणि मोठा तिपाईचा स्टँडही नाही. वेगाच्या राइडवर जाताना कॅमेरा सोबतच्या माणसाकडे किंवा भाड्याच्या लॉकरमध्ये ठेवावा. मोक्याच्या ठिकाणी तिथले छायाचित्रकार उभे असतात, आणि विनंती केली तर ते आपल्याच फोनवरही छायाचित्र काढून देतात, त्याचे पैसे पडत नाहीत. आम्हा पाचही जणांचे एकत्र असे एकच छायाचित्र आहे, ते असेच मिळाले. उन्हाने गळून गेल्यासारखे वाटले तर प्रत्येक उद्यानात प्रथमोपचार केंद्र आहे. तिथे थोडा वेळ पडून राहता येते. लाज वाटू देऊ नये.

तिसऱ्या दिवशी अ‍ॅनिमल किंगडम. लांब पल्ल्याची लेन्स खऱ्या अर्थाने उपयोगी पडावी अशी जागा हीच. उघड्या मालमोटारीतून वीसेक मिनिटे जिराफ, हत्ती, सिंह पाहत फिरायचे असते. जागेवर बसायचे, चालायचे नाही, हातात फक्त कॅमेरा. मी आदल्या रात्रीच लेन्स पुसून ठेवली होती. रांगेच्या तोंडाशी सूचना होती : प्रवास धक्क्यांचा आहे, मान किंवा पाठीचा त्रास असलेल्यांनी बसू नये. मी ती वाचली नाही असे दाखवायचा प्रयत्न केला. हिने खुर्चीतून काठीने पाटीकडे बोट दाखवले, तेव्हा उपाय उरला नाही.

कॅमेरा नातीच्या गळ्यात घातला. मोठ्या लेन्सने जवळचे जनावर मावत नाही, तेव्हा आधी दूरचे पाहा, एवढेच सांगितले. ती, लेक आणि जावई आत गेले. आम्ही दोघे बाहेर एका झाडाच्या सावलीत बसलो. नंतर याच उद्यानातल्या आशिया विभागात गेलो. तिथे आनंदपूर नावाचे एक काल्पनिक संस्थान उभारले आहे. पडक्या राजवाड्याच्या कमानी, उडालेले रंग, वेलींनी धरलेल्या भिंती, आणि पलीकडे खरे वाघ. ती मुद्दाम जुनी केलेली भिंत पाहून ही म्हणाली, “आपल्याकडे असली भिंत दिसली की नगरपालिका नोटीस लावते.” माझे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यावर होते, आणि फोन खिशात होता. तो काढावा असे वाटले नाही.

नातीने नव्वद छायाचित्रे आणली. त्यांतली पंचावन्न एकाच जिराफाची होती, आणि दोन-तीन माझ्या खाडीवरच्या कामापेक्षा सरस. परतीच्या वेळी अटलांटात मी कॅमेरा, दोन्ही लेन्स आणि फ्लॅश तिच्याच कपाटात ठेवले. मुंबईच्या विमानात माझ्या हातातली पिशवी हलकी होती. सुरक्षा तपासणीच्या फाटकाच्या चौकटीपाशी हिचे पाऊल थांबले तेव्हा मला काही खाली ठेवावे लागले नाही.

आता जानेवारीत महाबळेश्वरला जायचे ठरते आहे. खिशात मावेल असा लहानसा कॅमेरा घ्यावा असे हिचे म्हणणे आहे, आणि तो तिच्या पर्समध्ये राहील असेही तिचे म्हणणे आहे. पहिल्या मुद्द्यावर माझी हरकत नाही. दुसऱ्यावर आमची बोलणी चालू आहेत.